गीता साहित्यकृती म्हणून वाचायची तर सुरुवात कुठून करावी?

बोलणारा कोण, इथून. संपूर्ण गीता संजय धृतराष्ट्राला सांगतो आहे. ही चौकट सुटली की संवादाचं प्रवचन होतं.

मग मीमांसकांच्या, म्हणजे वैदिक वाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या, कसोट्या लावा: उपक्रम-उपसंहार (सुरुवात आणि शेवट), अभ्यास, अपूर्वता (नवं काय सांगितलं), फल (परिणाम), अर्थवाद (स्तुती-निंदा), उपपत्ती (युक्तिवाद). टिळकांनी ‘गीतारहस्या’त त्याच वापरल्या. पहिली सर्वांत उपयोगी. २.९ मध्ये (अध्याय २, श्लोक ९) अर्जुन ‘न योत्स्ये’ (मी लढणार नाही) म्हणतो, १८.७३ मध्ये ‘करिष्ये वचनं तव’ (तू सांगतोस तसं करीन). मधला उपदेश या दोन टोकांमध्ये ताणून वाचा. २.४७ (‘कर्मण्येवाधिकारस्ते’) एकटा उचलला की तो सुविचार होतो, कारण समोरचं युद्ध आणि अर्जुनाचा नकार दोन्ही गळून पडतात.

अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. इथे बहुतेकजण नुसते शब्द मोजतात आणि फसतात: ‘योग’ २.४८ मध्ये समत्व, २.५० मध्ये कर्मातलं कौशल्य, सहाव्या अध्यायात ध्यान. म्हणून प्रत्येक ठिकाणचा अर्थ वेगळा लिहून घ्या. त्यापेक्षा ‘ऊठ, लढ’ हा आदेश कुठे कुठे परततो ते पाहा: २.१८, २.३७, ८.७, ११.३३.

छंदही ऐका, मोठ्याने म्हणून. ११.१५ पासून ११.५० पर्यंत अनुष्टुभ (चरणात आठ अक्षरं) सुटून त्रिष्टुभ (चरणात अकरा) येतो. विश्वरूप पाहताना अर्जुनाची भाषाच लांब श्वासाची होते. नुसत्या भाषांतरात हे हरवतं, मूळ श्लोक शेजारी हवाच.