घराच्या किमतीत टँकर धरलाय का?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: तुम्ही दोघं उदगीर तालुक्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक, मुलगी दहावीला, अकरावीसाठी तिला लातूरला ठेवायचंय. हाताशी 14 लाख. हरंगुळच्या बाजूला, महापालिका हद्दीबाहेर, 38 लाखांचं रो-हाऊस आवडलंय. औसा रोडच्या आतल्या गल्लीतला जुना टू-बीएचके 44 लाखांना आहे. सहा लाख वाचतात, मालक 51 हजारांचा इसार मागतोय, देऊन टाकू का, असं विचारताय.

आधी त्या सहा लाखांचं बघू. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं तर लाखामागे हप्ता सुमारे 868 रुपये, म्हणजे फ्लॅटचा हप्ता महिन्याला 5,200 नी जास्त. आता दुसरी बाजू. रो-हाऊसच्या शेजाऱ्यांनी तुम्हाला सांगितलं, मार्च ते जून टँकर, महिन्याला चारेक हजार. बारा महिन्यांत वाटले तर तेराशे पडले. मुलीच्या क्लासचा ऑटो अडीच हजार. फ्लॅटचा मेंटेनन्स पंधराशे आहे, तो उलट मिळवला, तर रो-हाऊस महिन्याला जेमतेम तीन हजारांनी स्वस्त. दोन वर्षांनी ऑटो बंद झाला की पारडं आणखी तिकडेच झुकेल. तेव्हा नुसत्या पैशांत रो-हाऊस वाईट नाही. मला अडतंय ते पाण्यापाशी आणि कागदापाशी.

मांजरा धरण भरलं की लातूरकर पाणी विसरतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा शहरातले नळही कोरडे होते. त्यामुळे हद्दीत घर घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. पण हद्दीबाहेर तुमची सगळी भिस्त बोअरवर, आणि चार हजारांचा टँकर हा बऱ्या वर्षातला दर आहे.

म्हणून मे महिन्यात, भर दुपारी, एजंटला न सांगता तिथे जा. दारासमोरची निळी पिंपं मोजा. धुणं धुणाऱ्या बाईला विचारा, बोअर किती फुटांवर आहे आणि आत्ता मोटर किती मिनिटं चालते. मिनिटं विचारा, "पाणी आहे का" विचारू नका. त्याला सगळे "आहे" म्हणतात. बादलीच्या तळाला पांढरा थर दिसला तर क्षाराचं पाणी. फिल्टरचा खर्च धरा. मग जुलैत एका पावसानंतर पुन्हा जा. काळ्या मातीवरचं घर असेल तर कंपाउंडच्या भिंतीला तिरक्या भेगा आणि न लागणारी दारं दिसतात. नवा रंग दिलेला असेल तर जास्तच बघा.

बोगी कारखान्यामुळे भाव दुप्पट होणार, असं एजंट सांगेलच. हरंगुळचा कारखाना खरा आहे, पण त्याचा भाव तुमच्याकडून आधीच वसूल होतोय.

कागदाचं एकच लक्षात ठेवा: ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. अकृषिक आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना आणि वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हवा. राष्ट्रीयीकृत बँक कर्जाला नाही म्हणाली आणि मालक दुसऱ्या पतसंस्थेचं नाव सुचवू लागला, तर तिथूनच परत फिरा.

माझं मत, एप्रिलपासून अकरा महिन्यांच्या करारावर त्याच भागात भाड्याने राहा. उन्हाळा, पावसाळा, ऑटो, रात्री क्लास सुटल्यावरचा रस्ता, सगळं त्यात कळतं. भाडं वाया जातं म्हणून घरचे कुरकुरतील. आमच्याकडेही कुरकुरले होते. 14 लाख तोवर मुदत ठेवीत ठेवा, पण तीन बँकांत वाटून, कारण ठेवीचा विमा एका बँकेत 5 लाखांपर्यंतच असतो. वर्षभरासाठी शेअर बाजाराच्या फंडात नकोच. पुढे खरेदी झालीच तर तुमच्या एकटीच्या नावावर करा, महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 38 लाखांवर ते 38 हजार होतात.

इसार आत्ता देऊ नका. मालक म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. म्हणू द्या, आणि त्याच्याकडे मंजूर लेआउटची प्रत मागा. मिळाली तर मला पाठवा, पुढचं तेव्हा बोलू.