स्पिनिंग रील करकर करून राहिलं, ड्रॅग झटके देतो, दोरा गुंततो. घरीच सर्व्हिस करता येईल का?

येते ना भाऊ, आणि मी तर म्हणीन घरीच करा. तुम्ही लिहिलंय की मासेमारीचं २५०० साईजचं स्पिनिंग रील आहे, आता हँडल फिरवलं की करकर येते, मासा पळाला की ड्रॅगमधून (ताण वाढला की दोरा सोडणारा ब्रेक) दोरा सरळ न सुटता झटक्याझटक्यानं सुटतो, फेकताना गुंता होतो आणि नागपुरात रील दुरुस्त करून देणारं कोणी सापडत नाहीये. या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी अख्खं रील उघडून बसू नका.

आधी एक महत्त्वाचं. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ समुद्रात मासेमारी करणाऱ्यांचे असतात, त्यांचं सगळं लक्ष मिठाकडे, म्हणून ते ग्रीस भरभरून लावायला सांगतात. आपल्याकडे मीठ कुठंय. आपला त्रास म्हणजे धूळ, गाळ आणि मे महिन्याचं ऊन. गोरेवाडा तलाव असो की खिंडसी, काठावर बसलं की रॉड कधी ना कधी मातीत टेकतोच, ती बारीक माती आतल्या ग्रीसला चिकटते आणि मग ते ग्रीस गिअर वाचवायच्या ऐवजी गिअर घासायला लागतं. जितकं जास्त ग्रीस तितकी जास्त माती धरणार. म्हणून आपल्याकडे नियम उलटा, ग्रीस कमी लावायचं पण साफसफाई जास्त वेळा करायची.

आता गुंता. याचं कारण लोक दोऱ्यात शोधतात, पण आधी लाईन रोलर पाहा. बेलच्या (उघडमीट करायची तारेची कमान) टोकाला जी बारकी फिरकी असते, जिच्यावरून दोरा वळून स्पूलवर (दोरा गुंडाळतो ते रीळ) जातो, ती. तिच्यावर मार्करनं एक ठिपका काढा, बेल बंद ठेवून दोऱ्याला जरा ताण द्या आणि हँडल फिरवा. ठिपका फिरला तर ठीक. जागेवरच थांबला तर रोलर जाम आहे, दोरा त्याच्यावरून घासत चाललाय, त्यानं दोऱ्याला पीळही पडतो आणि दोरा खरबडीतही होतो. रोलरचा एक स्क्रू काढा, आतली माती रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, वाळू द्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. अख्ख्या रीलमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारा भाग हाच आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे. सोबत अजून दोन सवयी लावा, फेकल्यावर बेल हँडल फिरवून नव्हे, हातानं बंद करायची, आणि स्पूल काठोकाठ भरायचं नाही, कडेपासून २-३ मिमी जागा सोडायची.

दोरा स्पूलवर एकाच बाजूला ढिगासारखा जमत असेल तरी गुंता होतो. स्पूल काढलं की खाली शाफ्टवर पातळ प्लास्टिकचे वॉशर दिसतील. दोरा वरच्या कडेला, म्हणजे ड्रॅगच्या नॉबकडे जमत असेल तर एक वॉशर वाढवा, खालच्या बाजूला जमत असेल तर एक कमी करा.

ड्रॅगचे झटके. ड्रॅगचा नॉब पूर्ण काढा, आत एक तारेची रिंग असते ती पिनेनं उचला (उडते ती, बोटानं दाबून धरा), खाली वॉशरची चळत निघेल, एक धातूचा, एक नमद्याचा (फेल्टचा) किंवा कार्बनचा, परत धातूचा. काढता काढता मोबाईलवर फोटो घ्या आणि त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडत जा, कारण क्रम चुकला तर ड्रॅग कितीही कसा, धरतच नाही. धातूचे वॉशर रॉकेलनं पुसून कोरडे करा. नमद्याच्या वॉशरला रॉकेल लावू नका, कोरड्या कापडानं दाबून पुसा, तो चपटा होऊन काचेसारखा चमकत असेल तर बदलायचाच. वर ड्रॅगचं वेगळं ग्रीस मिळतं ते बोटावर पुसटसं घेऊन लावा. कार्बनचे वॉशर कोरडेसुद्धा चालतात. सायकलच्या दुकानातलं ग्रीस इथं चुकूनही नको, चिकटून बसतं आणि हेच झटके परत सुरू होतात.

मग ड्रॅग लावायचा कसा? हातानं ओढून अंदाज घेऊ नका, हाताला दर वेळी वेगळंच वाटतं. दोरा जितक्या वजनाला तुटतो त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर ड्रॅग सुटायला पाहिजे. १० पौंडाचा दोरा म्हणजे साडेचार किलो, त्याचा चौथा हिस्सा १.१ किलोच्या आसपास. काटा नसेल तर १ लिटर पाण्याची भरलेली बाटली दोऱ्याला बांधा, बाटली मिळून वजन किलोच्या थोडं वरच जातं. रॉडच्या कड्यांमधून दोरा न घेता, थेट रीलमधून बाटली खाली सोडा आणि नॉब इतका कसा की बाटली हळूहळू, एकसारखी खाली येईल. थांबत थांबत आली तर वॉशर परत साफ करा. रोहू-कटल्याला हे सेटिंग बरोबर आहे, ते लांब पळतात, त्यांना पळू द्यायचं. मरळसाठी मात्र जाड दोरा आणि ड्रॅग बराच कसलेला लागतो, कारण ती गरी (गळ) लागली की वनस्पतीत घुसते आणि तिथं दोरा सोडला की संपलं.

आता करकर. बाजूच्या प्लेटचे स्क्रू काढा, घड्याळवाल्यांकडचा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या, मापाचाच, नाहीतर स्क्रूची खाच जाते. कुठलाही नट ताकद लावून फिरवू नका, काही रीलमध्ये रोटरच्या (बेल बसवलेला, स्पूलभोवती फिरणारा भाग) नटला उलटे आटे असतात. आतलं ग्रीस काळं आणि किरकिरं झालेलं दिसेल. जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन गिअरचे दात साफ करा, पेट्रोल किंवा थिनर नको, प्लास्टिक खराब होतं. पूर्ण वाळल्यावर दातांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या, दात दिसत राहिले पाहिजेत. बेअरिंगला ग्रीस नाही, तेलाचा एक थेंब.

रोटरच्या खाली वन-वे क्लच असतो, हँडल उलटं फिरू न देणारा. त्याला ग्रीस अजिबात लागू देऊ नका. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा ते ग्रीस घट्ट होतं, क्लच धरत नाही, आणि नेमका मासा लागल्यावर हँडल उलटं फिरतं. तसं होत असेल तर क्लच आयसोप्रोपाईल अल्कोहोलनं धुवा आणि अगदी पुसटसं पातळ तेल.

तेलाबद्दल अजून एक, कारण हे लोक फार करतात. स्वयंपाकघरातलं तेल घालू नका. खोबरेल थंडीत गोठतं आणि जवसाचं तेल तर हवेत सुकून वार्निश होतं, रंगात तेच वापरतात. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला, पाणी घालवायला चांगलं आहे, पण ते उडून जातं आणि जाताना असलेलं ग्रीसही पातळ करतं, त्यामुळे ते मारून रील बंद केलं की काही दिवसांनी परत कोरडंच.

गाडीच्या डिक्कीत रील सोडत असाल तर एप्रिलपासून ते बंद करा. बाहेर ४५ अंश असताना आत काय होत असेल विचार करा, ग्रीस वितळून क्लचमध्ये उतरतं आणि नायलॉनचा दोरा उन्हानं ठिसूळ होतो. घरी ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा म्हणजे वॉशर दबून राहत नाहीत. धुताना मात्र ड्रॅग घट्ट कसून ठेवा, नळाचं पाणी हळू सोडा, प्रेशरचा पाईप मारू नका, गाळ आत जातो.

एवढं करूनही करकर राहिली तर हँडल रिकामं फिरवून आणि मग दोरा हातानं ताणून, असं दोन्ही प्रकारे फिरवून पाहा. रिकामं असतानाही येत असेल तर एखादं बेअरिंग गेलंय, त्याचं आतलं-बाहेरचं माप आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून बेअरिंगच्या दुकानात विचारा. फक्त ताणावरच येत असेल तर मेन गिअर आणि पिनियनचे (त्याला जोडलेला छोटा गिअर) दात झिजलेत, तेव्हा दोन्ही जोडीनंच बदलावे लागतात. स्वस्तातल्या रीलला ती जोडी बहुतेक मिळत नाही, मिळाली तरी नव्या रीलच्या भावाजवळ जाते, तिथं पैसे घालू नका, जुन्यातलं स्पूल, बेअरिंग आणि स्क्रू तेवढे डबीत काढून ठेवा.