अंगतपंगत: काय आणायचं, किती आणायचं, कसं वागायचं

पावसाळा सरला की इंदूरच्या मराठी घरांत कोजागरी, आवळीभोजन आणि चोरल-पातालपाणीच्या सहलींचे बेत सुरू होतात. त्यांच्यासोबत आमच्याकडे पत्रंही येतात, आणि त्यांत बहुतेक तक्रारी एकाच मुळाशी जातात. अंगतपंगतीत आपण जो पदार्थ घेतो, तो शिजवण्यापासून त्याचं रिकामं भांडं घरी नेईपर्यंत आपला असतो. खालची उत्तरं त्याच समजुतीवर उभी आहेत.

प्रश्न: आमच्या गल्लीतली नऊ घरं, एकूण 24 माणसं. मागच्या वेळी "ज्याला जे जमेल ते आणा" असं ठरलं. चार घरांतून बटाट्याची भाजी आली, तिघांनी गोड आणलं आणि भात कोणीच आणला नाही. यंदा काय करावं? (वाचक, राजेंद्रनगर)

"जमेल ते आणा" म्हणणं सौजन्याचं वाटतं, पण त्यात काम वाटून द्यायचं टाळलेलं असतं. आधी पदार्थांची यादी करा आणि मग त्यापुढे घरांची नावं लिहा. एका माणसाने ही यादी सांभाळावी आणि बदल त्यालाच कळवावा. आदल्या रात्री परस्पर "मी भाताऐवजी खीर करते" असं ठरवणं हा अंगतपंगतीतला सर्वांत महाग पडणारा उद्धटपणा आहे, कारण त्याचा फटका सगळ्या पंगतीला बसतो.

24 जणांचा हिशेब असा धरा. पुऱ्या माणशी चार, म्हणजे शंभराच्या आसपास. एक किलो कणकेच्या लहान पुऱ्या साठ-पासष्ट होतात, म्हणून दीड किलो कणीक दोन घरांत वाटा. बटाट्याची कोरडी भाजी अडीच किलो बटाट्यांची. मटकीची उसळ पाऊण किलो कोरड्या मटकीची. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते, हे विसरून किलो-दीड किलो भिजवणारे पुष्कळ. मसालेभाताला सव्वा किलो तांदूळ. कढीला दीड लिटर दही. कोशिंबिरीला दीड किलो काकडी आणि अर्धा किलो दही. हेच घर कोरडी चटणीही आणेल. गोड एकच, दोन किलो श्रीखंड. ही झाली आठ घरं. नववं घर काही शिजवणार नाही. पाणी, मीठ, लिंबं, लोणचं, जादा डाव आणि ताट-वाट्या त्याच्याकडे. हे काम कमी प्रतीचं समजू नका, त्यावाचून पंगत बसतच नाही.

माप सगळ्या पंगतीचं धरायचं, आपल्या घरच्या माणसांचं नव्हे. पाच जणांनी यायचं आणि पाच जणांना पुरेल एवढीच वाटीभर उसळ आणायची, याचा अर्थ बाकीचे सात पदार्थ फुकट जेवणं. उलट टोकही टाळा. दोन भाज्या असताना प्रत्येकीने आपलीच एक भाजी आहे असं समजून पातेलं भरलं, तर निम्मं उरतं.

प्रश्न: मी एकटा भाड्याच्या खोलीत राहतो. दर वेळी शेवेचं पाकीट नेतो आणि दर वेळी टोमणा ऐकतो. (वाचक, विजयनगर)

टोमणा मारणाऱ्यांचं चुकतं. विकत आणलेला पदार्थ घरच्या पदार्थाइतकाच मानाचा, फक्त तो यादीत आधी लिहिलेला आणि पुरेसा असावा. वीस-बावीस जणांत दोनशे ग्रॅमचं पाकीट पुरत नाही. अर्धा-पाऊण किलो शेव न्या, डब्यात काढून न्या, सोबत जिरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि चिरलेली लिंबं ठेवा. श्रीखंड, जिलबी, दही, बर्फ यांतलं काहीही तुम्ही घेऊ शकता. यादी होतानाच "गोड माझ्याकडे" असं स्वतः सांगा, म्हणजे ज्या घरी त्या दिवशी वेळ नाही ते सुटेल.

प्रश्न: पंगत आमच्या घरी असली की तिघी-चौघी अर्धवट स्वयंपाक घेऊन येतात. "फक्त पुऱ्या तळते", "नुसती फोडणी देते" म्हणत माझा ओटा दोन तास अडतो. नाही कसं म्हणू? (वाचक, लोकमान्यनगर)

आमंत्रण देतानाच म्हणा: "ओट्यावर फक्त गरम करता येईल, एका पदार्थाला दहा मिनिटं." कोणी रागावत नाही, कारण आयत्या वेळी अडवण्यापेक्षा हे कितीतरी सौम्य आहे. शंभर पुऱ्या एका शेगडीवर तळायला पाऊण ते एक तास लागतो; तेवढा वेळ कढी थांबते, भात थांबतो आणि माणसं ताटं धरून उभी राहतात.

पुऱ्या घरूनच तळून आणाव्यात. तळल्यावर चाळणीत पसरून पूर्ण निवू द्या आणि मग सुती फडकं घातलेल्या डब्यात भरा. गरम भरल्या की वाफेने चिवट होतात. तिखटमिठाच्या पुऱ्या साध्यांपेक्षा प्रवासाला बऱ्या. फोडणी लहान डबीत वेगळी आणता येते, कोशिंबिरीवर आयत्या वेळी ओतायची. भजी, वडे, गराडू (तळलेला कंद) हे कढईतून थेट ताटात पडायचे पदार्थ. अंगतपंगतीच्या यादीत ते घेऊच नयेत. आणि गरम करायला येणाऱ्याने कढई, तेल, उलथनं आपलं आणावं आणि ओटा पुसून जावा.

प्रश्न: आमच्या गटात दोन जैन कुटुंबं आहेत आणि दोघी-तिघींचे उपास असतात. कोणाला वेगळं पाडल्यासारखं न करता जमवायचं कसं? (वाचक, सुदामानगर)

आधी त्यांनाच विचारा, कारण पाळणं घरागणिक कमी-जास्त असतं. साधारणपणे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं चालत नाही. सुंठ आणि वाळलेली हळद चालते. काटेकोर पाळणाऱ्यांना कच्चं दही आणि डाळ एकत्र चालत नाही, म्हणून दहीवडा त्यांच्यासाठी नाही. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी केली तर सगळेच खातात आणि वेगळं पातेलं लागत नाही. वेळही पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इंदूरला सहाच्या आसपास सूर्यास्त होतो. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांना रात्री आठच्या पंगतीला बोलावणं म्हणजे न बोलावणंच. पंगत साडेचारला बसवा, नाहीतर त्यांना जेवणाआधीच्या फराळाला बोलवा.

पदार्थाइतकंच तेल आणि डाव महत्त्वाचे. कांदाभजी तळलेल्या तेलातली पुरी त्यांना चालणार नाही, आणि उसळीचा डाव केळ्याच्या भाजीत बुडाला की ती भाजीही गेली. डब्यावर कागदाची चिठ्ठी लावा: "कांदा-लसूण नाही", "दाण्याचं कूट आहे". दाण्याचं कूट लिहाच. दाणे न सोसणारी माणसं असतात आणि आपल्या कोशिंबिरीत ते कुठे लपलंय ते दिसत नाही.

उपासाच्या साबुदाणा खिचडीवर इंदुरी पद्धतीने मिक्श्चर घालायचं असेल तर ते फराळी आहे ना, ते पाहा. बेसनाची शेव पडली की उपास मोडला. आणि "थोडंसं खाऊन बघा, काही होत नाही" हा आग्रह करू नका. ज्याने नाही म्हटलं त्याला दुसऱ्यांदा विचारणं हाच पंगतीतला अपमान.

प्रश्न: चोरलच्या सहलीत भात आणि बटाट्याची भाजी दुपारी आंबली. सकाळी सहाला तर केली होती. (वाचक, तिलकनगर)

सकाळी सहाला केली आणि गरम असतानाच झाकण लावून डब्यात भरली, हेच कारण असणार. वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत आत पडते आणि डबा तासन्‌तास कोमट राहतो. अन्नातले जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे वेगाने वाढतात. म्हणून अन्न एकतर वाफाळतं ठेवा, नाहीतर थंड. कोमट अन्न दोन तासांच्या आत संपवावं. बाहेर 32 अंशांच्या वर ऊन असेल तर एका तासात. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये हा एक तासच धरायचा.

भाताकडे जास्त लक्ष द्या. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून "परत वाफ काढली की झालं" ही समजूत धोक्याची. सहलीला भात न्यायचाच तर निघण्याच्या आधी शिजवून उकळत्या पाण्याने तापवलेल्या कॅसरोलमध्ये भरा आणि पोचल्यावर आधी तोच वाढा.

भाजी परातीत पसरून वीस-पंचवीस मिनिटं निववा, मग डब्यात भरा. ओलं खोबरं आणि टोमॅटो घालू नका. चटणी शेंगदाण्याची किंवा लसणीची कोरडी न्या, ओल्या नारळाची नको. कोशिंबिरीचं दही गार पिशवीत वेगळं ठेवा आणि मीठ तिथे पोचल्यावर घाला. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटून ताक होतं. आणि आंबल्याचा वास आला तर करणाऱ्याने स्वतःच डबा मागे घ्यावा. "माझं काही बिघडत नाही" म्हणून इतरांना खायला लावणं, यासारखं वाईट वागणं नाही.

प्रश्न: पहिले चौघे पाच-पाच बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) घेतात आणि शेवटच्यांना दोन मिळतात. (वाचक, स्नेहनगर)

मोजके पदार्थ मांडून ठेवू नका, वाढा. एक किलो जाड कणकेचे ऐंशी ग्रॅमचे अठरा-वीस बाफले होतात. पहिल्या वाढीत माणशी दोन, आणि सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय कोणाला तिसरा नाही. 24 जणांना दोन वाढपी पुरतात. ते मागाहून बसतात आणि त्यांचं ताट आधीच वाढून झाकून ठेवायचं. मुलांना आधी बसवलं तरी त्यांच्या ताटात थोडंच वाढा, मागितलं की पुन्हा द्या. मांडणी करायचीच असेल तर प्रत्येक भांड्यात स्वतंत्र डाव हवा. जेवणाऱ्याने खरकट्या उजव्या हाताने डाव धरू नये. डाव्या हाताने घ्यावं किंवा वाढायला सांगावं. वाढायच्या चमच्यानेच चव घेणाऱ्याला तिथल्या तिथे, पण हळू आवाजात सांगा.

प्रश्न: कोणी पदार्थाला नावं ठेवली तर? (वाचक, रामबाग)

मीठ कमी असेल तर मीठ मागून घ्यावं. "मीठ विसरलात वाटतं" हे पंगतीत बोलू नये. कृती विचारावी, पण करणारी जेवत असताना नव्हे.

प्रश्न: जेवण संपायच्या आतच काही जण उरलेलं डब्यात भरतात. माझे दोन स्टीलचे डबे तर परत आलेच नाहीत. (वाचक, वैशालीनगर)

शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत कोणी डबा उघडू नये. त्यानंतर उरलेल्यावर पहिला हक्क ते करणाऱ्या घराचा. त्यांना नको असेल तर ते ज्याला देतील त्याचं. ज्याने पंगतीत काही आणलं नाही त्याने न विचारता भरून घेऊ नये. दोन तास उघड्यावर राहिलेला भात, कढी, कोशिंबीर कोणालाच देऊ नका, कामाला येणाऱ्या बाईंनाही नाही. जे आपण खाणार नाही ते तिला देणं चूक आहे. पुऱ्या, कोरडी चटणी, शेव मात्र निर्धास्त द्या.

डब्यांवर नाव घाला, झाकणावरही घाला, कारण हरवतं ते बहुधा झाकणच. दुसऱ्याचा डबा आला तर दोन दिवसांत धुऊन पोचवा. निघण्यापूर्वी खरकटं आणि फळांची सालं ओल्या कचऱ्यात, कागद आणि रिकामी पाकिटं कोरड्यात वेगळी करा. यजमानांनी रात्री बसून हे निवडायचं नसतं, आणि सकाळी महानगरपालिकेची गाडी सरमिसळ कचरा घेत नाही.