एअरब्रशने घड्याळाच्या डायलला जुनं रूप कसं द्यावं, की जाणकारालाही ओळखू येणार नाही? नोझल, रंग आणि कंप्रेसर कुठला घ्यावा?

नोझल आणि रंग सांगतो, भाऊ. पण 'जाणकारालाही ओळखू येणार नाही' हे तुमचे शब्द वाचून राहवलं नाही, त्यामुळे थोडं जास्तीचंही ऐकून घ्या.

०.२ मिमीचं नोझल, डबल अ‍ॅक्शन गन (एकाच खटक्याने हवा आणि रंग वेगवेगळे सोडणारी), दाब १५ पीएसआयच्या आसपास. रंग पारदर्शकच हवा. अपारदर्शक तपकिरी मारला की डायल जुनी नाही, मळकी दिसते. क्लिअर लॅकरमध्ये पिवळा आणि किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), आणि थर इतका विरळ की पहिला हात मारल्यावर काही झालंच नाही असं वाटावं. आधी छपाई, मग छटा. बऱ्याच खऱ्या डायलवर आकडे आणि नावाच्या वरचं लॅकर पिवळं पडतं, म्हणून अक्षरंही त्याच पिवळ्याखाली असतात. लोक तपकिरी जमिनीवर कोरी काळी छपाई करतात आणि मग विचारतात, पकडलं कसं!

दुसरी हमखास चूक म्हणजे कडेने गोल छटा मारून मधला भाग उजळ ठेवणं. तशा फ्यूमे डायल कंपन्याच नव्या घड्याळांत देतात. खरी डायल अशी मोजूनमापून म्हातारी होत नाही. ओल कुठून तरी शिरते. बहुतेकदा चावीच्या बाजूने, म्हणजे ३ च्या आकड्याकडून, नाहीतर काच जिथे सैल झाली तिथून. आणि केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, ओठाखाली दबलेली अगदी बाहेरची बारीक कड उजेड न लागल्याने मूळ रंगाचीच राहते. डायल बाहेर काढली की जाणकार आधी तिथेच बघतो.

आता माझं. आम्ही नागपूरच्या चितार ओळीतले. घरात मूर्तीचं काम, त्याआधी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, त्यामुळे स्प्रे गन माझ्या हातात लहानपणीच आली. गणपतीच्या गालावर छटा मारणारा हात डायलवरही चालतो, फक्त जागा तीनेक सेंटीमीटरची आणि काम भिंगाखालचं. सीताबर्डीवरचा एक जुन्या घड्याळांचा दुकानदार माझ्याकडे एचएमटीचं 'जनता' घड्याळ घेऊन आला. केस जुनी, मशीन मूळ १७ ज्वेलचं, पण डायल कोणीतरी नवी छापून बसवलेली, पांढरीफटक. म्हणाला, "केसला शोभेल इतकी जुनी करून दे."

मी आधी डायलला हातच लावला नाही, केस बघत बसलो. चावीजवळचं क्रोम उडालं होतं आणि खालच्या पितळेवर हिरवट डाग होता. म्हणजे घाम तिथून आत गेलेला. मग ३ च्या बाजूला छटा गडद केली, २ आणि ४ कडे उतरवत नेली आणि ९ ची बाजू जवळजवळ तशीच सोडली. दाब अगदी कमी करून गन थुंकायला लावली, त्यातून बारीक ठिपके पडले, तेही चावीकडेच दाट. बाहेरची कड मास्क लावून जपली. बसवल्यावर घड्याळ असं दिसलं, की दुकानदार दोन मिनिटं बोललाच नाही. ते काम आजही मला आवडतं. तेव्हाही मी डायलच्या मागच्या बाजूला सुईने साल आणि 'रंगवली' असं कोरलं होतं.

पुढे त्याने ते 'सर्व मूळ' म्हणून विकलं. एचएमटीचा घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, तेव्हापासून जनता, पायलट, कोहिनूर यांच्या मागे लोक लागले आहेत, त्यामुळे गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकाने मागचं झाकण उघडून मशीन काढलं, डायल सुटी केली, तिच्या मागचं वाचलं आणि तक्रार घेऊन आला. दुकानदाराने बोट दाखवलं माझ्याकडे. वर मलाच म्हणे, "तुले कोणी सांगितलं होतं बे कोरून ठेवायला? रंग मारायचे पैसे घेतले ना?"

घेतले. रंगाचेच घेतले. साठ वर्षांचे नाही घेतले. मूर्तिकार मूर्तीला सोनेरी रंग देतो, म्हणून कोणी ती सोन्याच्या भावात विकत नाही. त्याचं म्हणणं, सगळेच करून राहिले, मुंबईत रंगवलेल्या डायली जगभर जातात. जातात ना, आणि जगभरचे संग्राहक 'मुंबई' म्हटलं की नाक मुरडतात. भारतातून खरंच एखादी मूळ डायलची फाव्र ल्यूबा (ही जुनी स्विस कंपनी) निघाली तरी लोक आधी संशय घेतात. हे असल्याच दुकानदारांनी करून ठेवलं आहे, रंगाऱ्यांनी नाही.

तेव्हा तुम्ही करा, हौसेने करा, पण मागे कोरून ठेवा. मार्करने लिहू नका, थिनरच्या एका बोळ्याने निघतं. पितळेत कोरा. ज्याला हे नको असेल त्याला घड्याळ घालायचं नसतं, खपवायचं असतं. तुम्हाला जाणकाराला फसवायचं कशाला आहे, ते तुमचं तुम्ही बघा.

काही गोष्टी राहिल्या. नागपुरात मे महिन्यात दुपारी लॅकर मारू नका. पंचेचाळीस डिग्रीत ते हवेतच सुकतं आणि डायलवर भुकटी बसते. पावसाळ्यात उलट, दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. थिनरसाठी गॅसचा मास्क लावा, रुमालाने काही होत नाही. वडिलांच्या मूळ डायलवर हे करू नका, शंभर रुपयांची भंगार डायल आणा. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: डायलवर जुना रेडियमचा रंग असेल तर घासू-खरवडू नका. अंधारात चमकत नसला तरी फक्त त्यातला चमकणारा पदार्थ मेलेला असतो, रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे आणि ती धूळ फुप्फुसात जाते.

कंप्रेसर कुठला घ्यावा हेही विचारलंय. माझा मूर्तीच्या कामाचा आहे, डायलसाठी फारच मोठा. छोट्यांचं मला विचारू नका.