वाचकांचे प्रश्न: फ्रेमच्या रिअ‍ॅक्शन नेमक्या कुठे चुकतात?

बीमच्या रिअ‍ॅक्शन (आधारांकडून मिळणारी बलं) बिनचूक काढणारे अनेक जण फ्रेम, म्हणजे कॉलम आणि बीम जोडून केलेला सांगाडा, समोर आली की अडखळतात. समीकरणं तीच तीन असतात: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची शून्य आणि कुठल्याही बिंदूभोवती मोमेंटची (बल गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा परिणाम) शून्य. गडबड होते ती समीकरण मांडण्याच्या आधी, आकृतीत. म्हणून खालच्या प्रत्येक उत्तरात आकडे दिले आहेत. कागद-पेन्सिल घेऊन सोबत सोडवा.

प्रश्न: पोर्टल फ्रेमचा डावा पाय ए हिंजवर (फिरू देणारा, पण सरकू न देणारा आधार) आणि उजवा पाय डी रोलरवर (पृष्ठभागावरून सरकू देणारा आधार) आहे. दोन्ही कॉलम ४ मीटर, वरचा बीम बीसी ६ मीटर. बीमवर मीटरला १० किलोन्यूटनचा यूडीएल (सारखा पसरलेला भार) आहे आणि बी या कोपऱ्यात उजवीकडे ढकलणारा १२ किलोन्यूटनचा भार आहे. डी ची रिअ‍ॅक्शन मला ३० मिळते, उत्तर मात्र ३८ दिलं आहे. चूक कुठे झाली?

उत्तर: आडव्या भाराचा मोमेंट सुटला आहे. साध्या बीमच्या गणितात आडवा भार असलाच तर तो बीमच्या अक्षावरूनच जातो, त्यामुळे आधाराभोवती त्याचा मोमेंट शून्य धरायची सवय लागते. फ्रेममध्ये तोच भार पायापासून ४ मीटर वर आहे. आडव्या बलाचा आर्म म्हणजे बिंदूपासूनचं उभं अंतर, आणि उभ्या बलाचा आर्म म्हणजे आडवं अंतर. हे पक्कं डोक्यात बसलं की निम्म्या चुका जागीच थांबतात.

ए भोवती मोमेंट घ्या. यूडीएलचा एकूण भार ६० किलोन्यूटन, आर्म ३ मीटर, मोमेंट १८०. आडव्या भाराचा १२ × ४ = ४८. दोन्ही घड्याळाच्या दिशेने फिरवतात, म्हणून बेरीज २२८. डी ची रिअ‍ॅक्शन ६ मीटरवरून उलट फिरवते: २२८ ÷ ६ = ३८ किलोन्यूटन, वरच्या दिशेने. मग ए ला उभी ६० − ३८ = २२ वर आणि आडवी १२ डावीकडे. रोलर आडवं काहीच अडवत नाही, त्यामुळे आडवा सगळा भार एकट्या हिंजवर येतो.

आता ताळा. ज्या बिंदूभोवती मोमेंट घेतलेला नाही असा बिंदू निवडा, इथे सी. ए ची उभी रिअ‍ॅक्शन २२ × ६ = १३२ आणि आडवी १२ × ४ = ४८, दोन्ही घड्याळाच्या दिशेने, मिळून १८०. यूडीएल ६० × ३ = १८० उलट दिशेने. जुळलं. उभ्या बलांची बेरीज पुन्हा तपासणं म्हणजे ताळा नव्हे, कारण २२ हा आकडा त्याच समीकरणातून आला आहे.

प्रश्न: रिअ‍ॅक्शन उणे आली तर बाण उलटा करायचा की चिन्ह ठेवायचं?

उत्तर: दोन्हीपैकी एकच करा. बाण जसा काढला होता तसाच ठेवला तर पुढच्या प्रत्येक समीकरणात उणे चिन्हासकट किंमत घाला. बाण फिरवला तर किंमत अधिक लिहा. बाणही फिरवायचा आणि उणेही ठेवायचं, ही परीक्षेतली आणि कार्यालयातलीही नेहमीची चूक आहे. शक्यतो सगळ्या रिअ‍ॅक्शन काढून होईपर्यंत बाणाला हात लावू नका.

उणे चिन्हाचा अर्थही वाचायला हवा. वरच्याच फ्रेमवर आडवा भार १२ ऐवजी ६० किलोन्यूटन करा. डी ला (१८० + २४०) ÷ ६ = ७० येतात आणि ए ला ६० − ७० = −१०. म्हणजे डावा पाय उचलला जातोय. तिथल्या बेस प्लेटचे बोल्ट १० किलोन्यूटन ताण घेणार आहेत, दाब नाही. हेच उणे रोलरवर आलं असतं तर? नुसता टेकलेला रोलर खाली ओढू शकत नाही. अशा वेळी तो आधार दोन्ही दिशांनी धरून ठेवणारा आहे का हे बघावं लागतं. नसेल तर कागदावर आलेलं उत्तर त्या फ्रेमचं नाहीच.

प्रश्न: दोन्ही पाय हिंजवर आणि बीमच्या मध्यावर आणखी एक हिंज आहे. अज्ञात रिअ‍ॅक्शन चार, समीकरणं तीन. चौथं कुठून आणायचं?

उत्तर: आतल्या हिंजमधून. हिंज मोमेंट पुढे जाऊ देत नाही, म्हणून हिंजच्या एका बाजूच्या तुकड्यावरच्या सगळ्या बलांचा त्या हिंजभोवतीचा मोमेंट शून्य असतो. ‘एका बाजूच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अख्ख्या फ्रेमवरची बलं घेऊन हिंजभोवती मोमेंट काढलात तर समीकरण चूक नसतं, पण नवीनही काही सांगत नाही.

स्पॅन ८ मीटर, उंची ५ मीटर, मधला हिंज जी. डाव्या कोपऱ्यापासून २ मीटरवर ४० किलोन्यूटन खाली आणि डाव्या कोपऱ्यात २० किलोन्यूटन उजवीकडे. दोन्ही पाय एकाच पातळीवर असल्याने ए भोवती मोमेंट घेतला की डी ची आडवी रिअ‍ॅक्शन आपोआप बाहेर पडते: (४० × २ + २० × ५) ÷ ८ = २२.५ वर. ए ला १७.५ वर.

आता फक्त उजवा तुकडा घ्या. त्यावर बाहेरचा भार नाही. जी भोवती २२.५ × ४ = ९० हा उलट दिशेचा मोमेंट आहे. तो तोलायला डी ची आडवी रिअ‍ॅक्शन ५ मीटर आर्मवर डावीकडे हवी: ९० ÷ ५ = १८ किलोन्यूटन. मग ए ला उरलेले २० − १८ = २ डावीकडे. ताळा डाव्या तुकड्यावर करा: १७.५ × ४ + २ × ५ = ८०, आणि भाराचा ४० × २ = ८०. जुळतं.

पाय वेगवेगळ्या पातळीवर असतील तर हा सोपेपणा जातो. तेव्हा ए भोवतीच्या समीकरणात डी च्या दोन्ही रिअ‍ॅक्शन येतात, आणि ते समीकरण व जी भोवतीचं समीकरण एकत्र सोडवावं लागतं.

प्रश्न: तिरप्या मेंबरवरचा यूडीएल कोणत्या लांबीने गुणायचा?

उत्तर: भार कोणत्या लांबीवर दिलाय ते आकृतीत बघा. आडवी लांबी ४, चढ ३, म्हणजे तिरपी लांबी ५ मीटर असं मेंबर घ्या. स्वतःचं वजन मीटरला २ किलोन्यूटन असेल तर ते तिरप्या लांबीवर असतं, एकूण १०. तोच २ चा आकडा आडव्या प्रक्षेपावर दिला असेल तर एकूण ८. दोन्ही वेळा परिणामी बल मेंबरच्या मध्यातून, म्हणजे टोकापासून आडव्या २ मीटरवरून जातं.

वाऱ्यासारखा पृष्ठभागाला काटकोनात येणारा दाब असेल तर साइन-कोसाइनची गरजच नाही. मीटरला १.५ किलोन्यूटन दाब असेल तर त्याचा उभा घटक १.५ × ४ = ६ आणि आडवा घटक १.५ × ३ = ४.५. उभ्या घटकाला आडवी लांबी, आडव्याला उभी, अशी अदलाबदल असते. खालच्या टोकाभोवती मोमेंट ६ × २ + ४.५ × १.५ = १८.७५ येतो, थेट ७.५ × २.५ केलं तरी १८.७५.

प्रश्न: अज्ञात तीन, समीकरणं तीन, तरी उत्तर निघत नाही. एल आकाराची फ्रेम आहे: ए ला हिंज, ३ मीटर कॉलम, त्यावरून उजवीकडे ४ मीटर बीम, बीमच्या टोकाला तिरप्या पृष्ठभागावर रोलर. पृष्ठभागाचा उतार आडवे ३ ला उभे ४.

उत्तर: तुमची आकडेमोड बरोबर आहे, फ्रेमच चुकीची आहे. रोलरची रिअ‍ॅक्शन पृष्ठभागाला काटकोनात असते. तुम्ही कळवलेल्या उताराला काटकोनात जाणारी रेषा आडवे ४ ला उभे ३ अशी जाते, आणि तुमच्या मापांनुसार ती थेट ए मधून जाते. ए भोवती तिचा आर्म शून्य. मग भाराचा मोमेंट तोलायला कोणीच नाही आणि फ्रेम ए भोवती फिरू लागते. रिअ‍ॅक्शन किती आहेत हे मोजणं पुरेसं नसतं. सगळ्यांच्या रेषा एका बिंदूत मिळत असतील किंवा सगळ्या समांतर असतील तर तीन असूनही फ्रेम स्थिर राहत नाही. रोलरखालचा पृष्ठभाग आडवा करा, आर्म ४ मीटर मिळेल आणि गणित सुटेल.

प्रश्न: पहिल्या प्रश्नातल्या फ्रेमचे दोन्ही पाय हिंजवर असतील तर आडवा भार निम्मा-निम्मा वाटायचा का?

उत्तर: दोन्ही कॉलम सारख्या उंचीचे आणि सारख्या सेक्शनचे असतील तर बीमच्या पातळीवरच्या आडव्या भारापुरतं हे चालतं: १२ चे ६ आणि ६, दोन्ही डावीकडे. पण यूडीएलमुळेही पायाशी आडवी रिअ‍ॅक्शन तयार होते, आणि ती नुसत्या समतोलाच्या समीकरणांतून कधीच निघत नाही. तिचं सूत्र असं: यूडीएल गुणिले स्पॅनचा वर्ग, भागिले [उंचीची चौपट गुणिले (२के + ३)]. आय म्हणजे सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया, वाकण्याला होणारा विरोध दाखवणारी किंमत. के म्हणजे बीमच्या आय ला कॉलमच्या आय ने भागून येणारी किंमत, गुणिले उंची, भागिले स्पॅन.

सगळीकडे आय सारखा असेल तर के = ०.६६७ आणि रिअ‍ॅक्शन ३६० ÷ ६९.३ = ५.१९ किलोन्यूटन. कॉलमचा आय दुप्पट केला की तीच ६.१४ होते. भार तोच, मापं तीच, तरी पायाशी येणारं बल सेक्शनवरून बदललं. यूडीएलची ही रिअ‍ॅक्शन दोन्ही पायांना आतल्या बाजूला ढकलते. त्यामुळे ए ला ५.१९ उजवीकडे आणि भाराचे ६ डावीकडे मिळून ०.८१ डावीकडे, तर डी ला दोन्ही एकाच दिशेने येऊन ११.१९ डावीकडे. बेरीज १२. उभ्या रिअ‍ॅक्शन मात्र २२ आणि ३८ याच राहतात.

फाउंडेशनच्या डिझाइनला आकडे देताना बाण उलटे करायला विसरू नका. पाया फ्रेमला डी जवळ ११.१९ ने डावीकडे ढकलतो, म्हणजे फ्रेम पायाला तितक्याच बलाने उजवीकडे, बाहेर ढकलते. आणि एक पाय हिंजऐवजी रोलरसारखा सरकू लागला, तर त्याच्याकडची आडवी रिअ‍ॅक्शन नाहीशी होते आणि १२ चे १२ दुसऱ्या पायावर जातात.