टिकाऊ रसायन नको, शाश्वत रसायननिर्मिती हवी

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: "पर्यावरण दिनासाठी फलक रंगवायचा आहे. 'सस्टेनेबल केमिकल मॅन्युफॅक्चरिंग'साठी मी 'शाश्वत रसायननिर्मिती' लिहिले. आमचे साहेब म्हणतात, शाश्वत एक परमेश्वर, तुम्ही 'टिकाऊ' लिहा. बरोबर काय? आणि 'ग्रीन केमिस्ट्री' हरित की हिरवी?"

साहेबांची शंका रास्त आहे. कीर्तन-प्रवचनांत 'शाश्वत' हा 'नश्वर'चा विरुद्धार्थी शब्द, आणि कुठलाही कारखाना अविनाशी नसतो. तरीही या फलकावर 'टिकाऊ' अजिबात चालणार नाही.

'टिकाऊ' वस्तूला लागतो. कोल्हापुरी चप्पल टिकाऊ, कारण तिचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात नीट कमावलेले असते. पण तोच शब्द रसायनाला लावून पाहा. टिकाऊ रसायन म्हणजे जे मोडत नाही, विघटन होऊन नाहीसे होत नाही, ते. डीडीटी हे कीटकनाशक असे टिकाऊ आहे: फवारणी थांबून वर्षे लोटली तरी मातीत सापडते, प्राण्यांच्या चरबीत साठते. न चिकटणाऱ्या भांड्यांच्या लेपासारख्या कामांत येणारी पीएफएएस कुळातली रसायनेही तशीच, कारण कार्बन आणि फ्लोरिनचा बंध सहजी तुटत नाही. पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी 1998 साली ग्रीन केमिस्ट्रीची, म्हणजे घातक द्रव्ये कमीत कमी वापरून आणि कमीत कमी निर्माण करून रसायने बनवण्याच्या रीतीची, 12 तत्त्वे मांडली. त्यांतले दहावे तत्त्व नेमके याच्या उलट आहे: काम झाल्यावर रसायनाचे निरुपद्रवी घटकांत विघटन व्हावे, ते निसर्गात साचून राहू नये. म्हणजे फलकावर 'टिकाऊ रसायने' रंगवलेत तर ज्या गोष्टीपासून दूर जायचे तिचीच जाहिरात होईल.

आता 'शाश्वत'. हा शब्द आपल्या शिवारात अध्यात्माशिवायही नांदतो. करवीर तालुक्यात उसाची लागण करण्याआधी जुना शेतकरी विहिरीत डोकावून म्हणतो, "पाणी हाय, खरं शाश्वत न्हाई." (बाहेरच्यांसाठी: इथले 'खरं' म्हणजे 'पण'.) पाणी अनंतकाळ पुरावे अशी त्याची मागणी नसते. आज आहे, तसे पुढच्या उन्हाळ्यातही असेल का, एवढेच त्याला पाहायचे असते. आज उपसा करताना उद्याचे मोडत नाही ना, हाच तो हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या 1987 च्या ब्रुंटलँड अहवालाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली तीही हीच: आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या भागवता येणार नाहीत असे करू नये. संस्कृतातल्या 'शश्वत्'लाही 'पुनःपुन्हा, सतत' अशी छटा आहेच. तेव्हा तुमचा शब्द बरोबर आहे, आणि तो सरकारी परिभाषेतून आला म्हणून नव्हे, विहिरीच्या काठावर तो आधीपासून आहे म्हणून.

'ग्रीन केमिस्ट्री' म्हणजे हरित रसायनशास्त्र. 'हिरवे रसायन' म्हटले की डोळ्यांपुढे हिराकसासारखे काहीतरी येते. 'हरित रसायन'ही टाळा, कारण इथे हरित आहे ते शास्त्र, काम करण्याची रीत, पदार्थ नव्हे. एक गोष्ट मला खुपते, ती सांगतो. 'हरित क्रांती'तला हरित रासायनिक खते आणि कीटकनाशके घेऊन आला होता. त्यामुळे पन्नाशीपुढच्या शेतकऱ्याला हा शब्द ऐकून युरियाचे पोते आठवले तर त्याचा दोष नाही. फलकाखाली एक ओळ खुलाशाची हवीच.

त्या ओळीसाठी दाखला दूर शोधायला नको, गुऱ्हाळ पाहा. काहिलीत रस उकळू लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस सोडतो. त्या चिकाला धरून मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. खाली चुलवाणात जळते ते त्याच उसाचे वाळलेले चिपाड. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालण्याची रीत नंतरची. त्याने गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश राहतो. घातक द्रव्याऐवजी साधे, शक्यतो पुन्हा उगवणारे द्रव्य वापरा, असे ती 12 तत्त्वे सांगतात. भेंडी दर हंगामाला उगवते.

याच मळीवरून शेवटची सूचना. गुऱ्हाळात मळी म्हणजे रसावरचा मळ, साखर कारखान्यात मळी म्हणजे मोलॅसिस, आणि रस गाळून उरणाऱ्या, शेतात टाकायच्या प्रेसमडलाही बरेच जण मळीच म्हणतात. नाव मळावरून पडले, पण मोलॅसिसपासून अल्कोहोल निघते आणि प्रेसमड खत होतो. साखर कारखान्यांनी अशांसाठी 'उपपदार्थ' हा चांगला शब्द रुळवला आहे. तुम्हीही फलकावर सरसकट 'टाकाऊ पदार्थ' लिहू नका. 'टाकाऊ'तला 'ऊ' ती वस्तू फेकण्याच्याच लायकीची ठरवून मोकळा होतो. जे द्रावक तुम्ही ऊर्ध्वपातन करून परत वापरता ते 'पुनर्वापराचे द्रावक', जे विकले जाते ते 'उपपदार्थ'. 'टाकाऊ' फक्त त्यालाच म्हणा, ज्याचे खरोखर दुसरे काही करता आले नाही.