टाचेच्या वर मागे दुखतं, आराम केला की थांबतं आणि पळायला लागलं की परत सुरू. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सकाळी पहिली पावलं टाकताना टाचेच्या मागे वरच्या बाजूला जाम दुखतं, जरा चाललं की मोकळं होतं, ३ आठवडे पळणं बंद ठेवलं तेव्हा बरं होतं आणि परत सुरू केल्यावर चौथ्याच दिवशी पुन्हा तेच. डिट्टो माझी गोष्ट. मी डॉक्टर नाही पण या एका दुखण्यात वर्ष घालवलंय म्हणून लिहितेय.

आधी नेमकं कुठे दुखतंय ते बघा. घोट्याच्या मागे पोटरीपासून टाचेपर्यंत जी जाड दोरीसारखी शीर हाताला लागते (सगळे नस म्हणतात, पण ती नस नाही, टेंडन आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, अकिलीस टेंडन) ती चिमटीत धरून दाबत खाली या. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखलं तर एक प्रकार, अगदी हाडाला चिकटते तिथे दुखलं तर दुसरा. तळव्याच्या बाजूने टाच दुखत असेल तर ते वेगळंच, प्लांटर फॅशिया म्हणजे तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं, मग खालचं सगळं तसंच्या तसं करू नका.

होतं कशामुळे, तर बहुतेक वेळा एकदम जास्त केल्यामुळे. मी २ महिने काही न करता बसले होते आणि मग एकाच आठवड्यात रोज चढावर पळायला लागले, दुसरं काय होणार! वय, घट्ट पोटऱ्या, डायबेटिस हेही असतं, आणि एक कुणी सांगत नाही ते म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक्सनी टेंडनला त्रास होऊ शकतो, हल्ली घेतल्या असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा.

आता आरामाचं. पूर्वी याला टेंडनची सूज म्हणायचे, पण जुन्या दुखण्यात नुसती सूज नसते, आतले तंतूच विस्कटलेले असतात. पडून राहिलं की दुखणं थांबतं पण टेंडन काही मजबूत होत नाही, उलट आणखी ढिलं पडतं, म्हणून पळायला गेलं की परत पहिल्यापासून. त्याला भार लागतो, फक्त बेताबेताने वाढवलेला.

मला फिजिओने दिलेला व्यायाम असा: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा वर, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची, वर येताना पुन्हा दोन्ही पाय. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, ३ सेट गुडघा थोडा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा, कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. हा प्रकार स्वीडनच्या अल्फ्रेडसन नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनचा, त्याचंच टेंडन दुखत होतं, ऑपरेशन करायला त्याचे साहेब तयार नव्हते, म्हणून म्हणे तो टेंडन तुटलं तर तुटू दे या हिशोबाने व्यायाम करत सुटला आणि दुखणंच गेलं. १९९८ मध्ये त्याने १५ जणांवरचा अभ्यास छापला.

हाडाजवळ दुखणाऱ्यांनी मात्र टाच पायरीच्या खाली न्यायची नाही, जमिनीवरच करायचं. तिथे टेंडन हाडावर दाबलं जातं, आणि त्याच कारणाने पोटरी ताणायचे स्ट्रेचही त्यांना बाधतात. बुटात टाचेखाली छोटी पॅड घातली तर बरं वाटतं.

करताना थोडं दुखलं तर चालतं, १० पैकी ४-५ पर्यंत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं समजायचं आणि कमी करायचं. मला पहिले ५ आठवडे काहीच फरक वाटला नव्हता. नेमकं तेव्हाच एकाने स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, मी घेतलं नाही, या टेंडनमध्ये त्याने तुटायचा धोका वाढतो.

आणि कधी फट्कन आवाज आला, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभंच राहता येईना, तर पायरीबियरी सोडा, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.